घारापुरीचा दगड आणि पाहणाऱ्याचा डोळा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. सौंदर्य वस्तूत असते की पाहणाऱ्याच्या दृष्टीत, या प्रश्नावर बोलेन असे मी कळवले, तेव्हा चिटणिसांनी पुन्हा एकदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचा मला राग आला नाही. माझे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे जे काही आहे ते ग्रंथालयाच्या वर्गणीवर झालेले. सौंदर्यशास्त्र हा प्राध्यापकांचा प्रांत आहे आणि त्यात मी परवान्याशिवाय शिरत आहे हे मला ठाऊक आहे. परंतु हा प्रश्न माझ्याकडे पुस्तकातून आला नाही. तो आला एका दगडी हत्तीवरून, आणि त्या हत्तीची हकीकत सांगितल्याखेरीज मला पुढे जाता येणार नाही.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. आमची चाळ तिथून चालत अर्ध्या तासावर. वडील गिरणीत मागावर होते. सुटीच्या दिवशी ते आम्हा भावंडांना बागेत नेत, पण ते जिवंत जनावरे दाखवायला. दगडी हत्तीपाशी ते कधी थांबल्याचे मला आठवत नाही. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा तो मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्या उन्हाळ्यात वडील आम्हाला वरचेवर बागेत नेऊ लागले, कारण त्यांना घरी बसवत नसे आणि बागेत जायला फारसे पैसे पडत नसत. एके दिवशी मी पाहिले तो ते त्या हत्तीपुढे उभे. चांगली पंधरा-वीस मिनिटे उभे होते. मग एवढेच म्हणाले, "इतकी वर्षं इथनं जातोय, पण ह्याचे पाय कधी बघितलेच नाहीत."

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. हत्ती तोच होता, वडिलांचे डोळेही तेच होते. मग त्या दिवशी नवे असे काय घडले? संप बुडाला, गिरणी गेली, वडीलही गेले. हा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला.

हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी तो बंदराजवळ उभा पाहिला आणि बेटाला त्याचेच नाव दिले. तेच नाव 'एलिफंटा' म्हणून जगभर गेले. १८१४ साली त्याची मान आणि डोके गळून पडले. १८६४ साली इंग्रजांनी तो उचलून न्यायचा घाट घातला, त्यात तो फुटला, आणि त्याचे तुकडे भायखळ्याच्या बागेत येऊन पडले. पन्नास वर्षांनी, १९१४ साली, ते तुकडे जुळवून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. जुळवणाऱ्यांत कॅडेल आणि ह्यूएट या दोन साहेबांची नावे नोंदलेली आहेत. एवढे वजन ज्यांनी प्रत्यक्ष खांद्यावर आणि दोरावर पेलले त्यांची नोंद नाही. असो, ही तक्रार जुनीच आहे आणि आजचा विषय तो नव्हे. निदान अजून तरी नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. पंडितांचे याविषयी दोन तट आहेत. एक तट म्हणतो की सौंदर्य वस्तूतच असते. तिच्या घटकांच्या परस्परसंबंधात असते. आपल्या मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशा तीन लयी सांगितल्या, त्या याच बाजूच्या. दुसरा तट म्हणतो की ते सर्व पाहणाऱ्याच्या मनाचे खेळ आहेत. पाहणारा उठून गेला की दगड हा दगड आणि रंग हा रंग. स्कॉटलंडचा ह्यूम दुसऱ्या तटावरून निघाला, परंतु १७५७ सालच्या आपल्या निबंधात त्याने 'डॉन किहोटे'मधली एक गोष्ट घेतली आहे, ती मला फार आवडते. दोघा जणांना एका पिंपातली दारू चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण किंचित लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली लोखंडी किल्ली निघाली.

ही गोष्ट वाचून मला आमच्या गोदीतला एक हमाल आठवला. गोणीला पंजा लावून तो आतला माल कितपत ओला आहे ते सांगत असे, आणि मागाहून यंत्र लावून पाहिले तरी त्याचे क्वचितच चुके. मजुरीच्या परिशिष्टात त्याचा वर्ग होता 'अकुशल'. या शब्दावर मी आयुष्याची पुष्कळ वर्षे भांडण्यात घालवली आहेत. एखाद्याला काही कळते की नाही हे त्याच्या कळण्यावरून न ठरवता त्याला कोणत्या रकान्यात बसवले आहे त्यावरून ठरवायचे, हा प्रकार केवळ कचेऱ्यांतच चालतो असे नाही. तो मोठमोठ्या विद्वानांच्या डोक्यातही चालतो. घारापुरीच्या शिल्पांचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी. दगड एका जागी राहिला आणि चारशे-साडेचारशे वर्षे नाना तऱ्हेची माणसे येऊन त्याच्यापुढे उभी राहिली. सौंदर्य वस्तूत की दृष्टीत, या वादाची याहून चांगली परीक्षा मला दुसरी सापडली नाही.

ज्यांनी घारापुरी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेटवेपासून लाँचने तासाभराचा प्रवास. डोंगरावर मोठे लेणे आहे, ते बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे मानतात. उत्तरेच्या दाराने आत शिरले की खांबांच्या रांगांतून थेट समोर, दक्षिणेच्या भिंतीत, अंधारातून हळूहळू तीन मुखे वर येतात. लोक तिला त्रिमूर्ती म्हणतात. वास्तविक ती शिवाचीच, सदाशिवाची मूर्ती आहे. अठरा फुटांच्या आसपास उंची. मधले मुख मिटल्या डोळ्यांचे, शांत; आपल्या डाव्या हाताचे उग्र; उजव्या हाताचे कोमल, बाईमाणसाच्या चेहऱ्याचे. बाजूच्या भिंतींवर अर्धनारी, गंगाधर, शिवपार्वतीचा विवाह, अंधकासुराचा वध, नटराज आणि आणखी काही. बहुतेकांचे हातपाय तुटलेले आहेत. लेण्यात एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठवला, तिकडे तो कोणाला वाचता आला नाही, आणि पुढे तो हरवला. एका दगडाबरोबर करविणाऱ्याचे नाव आणि काळ दोन्ही गेले.

आता पाहणारे. पहिला दोम जुआंव द कास्त्रू, पोर्तुगीज दर्यावर्दी, जो पुढे गोव्याचा गव्हर्नर झाला. १५३८ च्या सुमारास तो बेटावर आला. हा माणूस होकायंत्र, भरती-ओहोटी, किनाऱ्यांचे उतार यांच्या नोंदी ठेवणारा. त्याने लेण्याची मापे घेतली आणि हे काम माणसाच्या हातून झाले असेल यावर विश्वास बसत नाही, अशा अर्थाचे लिहून ठेवले. धर्म परका, देव परका, तरी त्याचा डोळा दिपला. दुसरा गार्सिया द ऑर्ता, गोव्याचा प्रसिद्ध वैद्य; मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. गोव्यातच १५६३ साली छापलेल्या औषधींवरील ग्रंथात त्याने या लेण्याचा उल्लेख केला आहे. पाहण्याजोगी जागा आहे हे तो कबूल करतो, पण सैतानाने आपले सगळे कसब इथे ओतले असावे असेही त्याला वाटते. हे मत मला गमतीचे वाटते. कसब दिसले, पण ते माणसाच्या खाती जमा करायचे नाही! कास्त्रूनेही ते अमानुष शक्तीकडेच ढकलले. स्तुती असो की निंदा, मजुराचे नाव दोन्हीकडे गळालेले.

त्यानंतरचे पाहणारे पाहण्यापुरते थांबले नाहीत. लेण्यात गुरे बांधली गेली. पोर्तुगीज शिपायांनी मूर्तींवर गोळ्या झाडल्या असे सांगतात. आणि १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्स, जो पुढे सातवा एडवर्ड झाला, तो मुंबईस आला तेव्हा त्याला याच लेण्यात रोषणाई करून मेजवानी देण्यात आली. त्या रात्री मिटल्या डोळ्यांच्या त्या मुखासमोर काट्याचमच्यांचा काय आवाज झाला असेल तो असो.

मधल्या काळात एक वेगळा मनुष्य येऊन गेला. कार्स्टन नीबूर हा डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या अरबस्तानच्या मोहिमेतला मोजणीदार. सहा सोबत्यांपैकी पाच वाटेत मेले. हा एकटा जिवंत राहिला. १७६३ साली तो मुंबईस पोहोचला आणि वर्षभराच्या मुक्कामात पुन्हा पुन्हा घारापुरीस गेला. नकाशे केले, चित्रे काढली. त्याचा निकाल असा की ग्रीक आणि रोमन मूर्तींची सर याला नाही, परंतु मिसरच्या मूर्तींपेक्षा हे काम पुष्कळ सरस आहे. मापाची पट्टी ग्रीसची होती हे उघड आहे. पण निदान तो पट्टी घेऊन जागेवर गेला, आणि एकदा पाहून भागत नाही म्हणून पुन्हा गेला.

पट्टी न उचलताही माप सांगणारे विद्वान होते. हेगेलने १८२० नंतरच्या दशकात बर्लिनमध्ये कलेवर व्याख्याने दिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १८३५ साली, छापली गेली. हिंदुस्थान त्याने पाहिला नव्हता. अनेक हात, अनेक मुखे म्हणजे कल्पनेने आपला आकार न सापडल्यामुळे केलेला धुडगूस, असा त्याचा एकंदर अभिप्राय. तत्त्वज्ञ म्हणून हेगेल केवढा मोठा आहे हे मी सांगायला नको. मार्क्स वाचणाऱ्या आम्हा लोकांना तर त्याच्या दारावरूनच जावे लागते. पण न पाहता निकाल देणाऱ्या न्यायाधीशाविषयी जे म्हणायचे तेच इथे म्हटले पाहिजे.

रस्किनचे प्रकरण मात्र मला खरोखर टोचते. जॉन रस्किन हा आमचा माणूस. १८५३ साली त्याने व्हेनिसवरच्या ग्रंथात असे मांडले की गॉथिक मंदिरांचे सौंदर्य हे ती घडवणाऱ्या पाथरवटांच्या मोकळेपणाचे सौंदर्य आहे. कामगाराच्या हाताला जिथे स्वातंत्र्य नाही तिथली सफाई ही गुलामगिरीची सफाई. ते प्रकरण पुढच्याच वर्षी लंडनच्या कामगार महाविद्यालयाच्या आरंभी वेगळे छापून वाटले गेले. याच रस्किनचे दुसरे एक पुस्तक १९०४ साली गांधीजींनी जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत वाचले आणि त्यांचे आयुष्य पालटले. 'सर्वोदय' हा शब्द त्यांनी त्या पुस्तकाच्या गुजराती सारांशासाठी घडवला. मग या रस्किनला घारापुरीच्या, वेरूळच्या पाथरवटाचा हात दिसायला नको होता काय? तो दिसला नाही. १८५८ च्या जानेवारीत, बंडाच्या बातम्या ताज्या असताना, त्याने लंडनमध्ये व्याख्यान दिले. हिंदी लोकांची नक्षी अतिशय नाजूक आहे हे त्याने मान्य केले. पण हे लोक निसर्गाकडे पाहत नाहीत, माणूस काढायचा सोडून आठ हातांचा राक्षस काढतात, आणि त्यांची कला व त्यांचे क्रौर्य एकाच मुळाचे आहे, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. रस्किन स्वतः उत्तम चित्रे काढी. तेव्हा ज्याचा हात चालतो त्याचा डोळा उघडतो, असा सोपा सिद्धान्त मला इथे मांडता येत नाही. मांडायचा मोह होता. पण रस्किन आडवा येतो. राग आणि भीती यांनी त्याचे डोळे झाकले होते, आणि ते झाकलेले आहेत याची त्याला खबर नव्हती.

आता मी ज्या माणसासाठी हे व्याख्यान योजले त्याच्याकडे येतो. जॉर्ज बर्डवुड. जन्म बेळगावचा, १८३२ चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तो प्राध्यापक होता. भायखळ्याचे जे संग्रहालय आज भाऊ दाजींच्या नावाने आहे, ते उभे राहावे म्हणून भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांच्याबरोबर त्याने खटपट केली. संग्रहाचा तो क्युरेटर होता. १८६८ साली तो विलायतेस परतला आणि १८८० साली त्याने हिंदुस्थानच्या कारागिरीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात गावच्या कुंभाराविषयी, विणकराविषयी, तांबटाविषयी जे प्रेम आहे ते खोटे नाही. गिरण्यांच्या यंत्राने हा कारागीर मरेल याचे त्याला मनापासून दुःख होते. ते पान वाचताना मला आमच्या आजोबांच्या हातमागाची आठवण झाली आणि क्षणभर हा साहेब मला आपलाच वाटला.

आणि याच ग्रंथात तो म्हणतो की पुराणांतले देव इतके विचित्र आकाराचे आहेत की त्यांतून उच्च कला निपजू शकत नाही. शिल्प आणि चित्र या ललित कला म्हणून हिंदुस्थानात नाहीतच. पुढे तीस वर्षे लोटली. १९१० च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये हॅवेल यांनी निबंध वाचला. हॅवेल हे कलकत्त्याच्या कलाशाळेचे माजी प्राचार्य, हिंदी कलेचे कैवारी. अध्यक्ष होता बर्डवुड, वय सत्त्याहत्तर. चर्चेच्या ओघात जावा बेटावरच्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीकडे बोट करून तो म्हणाला की शांतीचे प्रतीकच पाहिजे असेल तर चरबी घालून उकडलेला पुडिंगचा गोळाही तेवढेच काम देईल.

त्यावर पुष्कळ वादळ झाले. फेब्रुवारीअखेर 'टाइम्स'मध्ये तेरा कलावंतांनी व कलाभिज्ञांनी सह्या करून निषेध नोंदवला. त्यांत चित्रकार रॉदेन्स्टाइन होता, समाजवादी चित्रकार वॉल्टर क्रेन होता, शिल्पकार फ्रॅम्प्टन होता. त्याच वर्षी लंडनमध्ये इंडिया सोसायटी निघाली. बर्डवुडला मूर्ख ठरवून लोक मोकळे झाले. मला ते इतके सोपे वाटत नाही. हा मनुष्य हिंदुस्थानचा द्वेष्टा नव्हता. त्याने डोळ्यांनी पाहिले नव्हते असेही नाही. अर्धे आयुष्य त्याने इथल्या वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिल्या होत्या. मग मडक्यातली जी रेषा त्याला दिसली ती मूर्तीच्या खांद्यात का दिसली नाही? माझे उत्तर असे आहे की त्याच्या डोक्यात दोन रकाने होते. एकावर लिहिले होते 'कारागीर', दुसऱ्यावर 'कलावंत'. पहिल्या रकान्यातल्या माणसावर त्याने जीव टाकला, त्याला शाबासकी दिली, त्याचे नष्टचर्य पाहून तो हळहळला. पण त्या रकान्यातून उठून तो दुसऱ्यात बसू शकेल हे त्याला स्वप्नातही आले नाही. कामगारावर दया करणारे असे मालक मी पाहिले आहेत. सणाला मिठाई वाटतील, मुलांना वह्या देतील. पण मजुरीच्या वर्गवारीचा प्रश्न काढला की त्यांचा चेहरा बदलतो. शाबासकी आणि वर्ग या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एका इतिहासकाराचा धर्म म्हणून याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. त्याच सुमारास पॅरिसमध्ये रोदँ हा जगप्रसिद्ध मूर्तिकार मद्रासच्या संग्रहालयातल्या नटराजाची छायाचित्रे पुढे घेऊन बसला होता. तो हिंदुस्थानात कधीच आला नाही. १९१३ साली त्याने त्या छायाचित्रांवरून शिवाच्या नृत्यावर एक टिपण लिहिले; ते त्याच्या मृत्यूनंतर, १९२१ साली, प्रसिद्ध झाले. त्यात पुराण नाही, प्रतीक नाही. ओठ असा वळला आहे, कमरेपाशी वजन असे पडले आहे, पायांत जोर असा साठला आहे, अशा रीतीने तो मूर्तीवरून डोळा फिरवतो. शिव कोण हे त्याला फारसे माहीत नसावे. पण वजन कुठे पडते हे त्याला ठाऊक होते. बेळगावात जन्मलेल्या माणसाला जवळून दिसले नाही ते पॅरिसमधल्या माणसाला कागदावर दिसले.

इथे आपल्यातले कोणी मनात टाळी वाजवीत असतील, की अखेर गोऱ्यांनी आपले मानले! त्यांना मी नम्रपणे थांबवतो. वंगभंगानंतर स्वदेशीची लाट आली तेव्हा आपणही ही लेणी नव्याने पाहू लागलो, आणि त्यात पुष्कळांनी लेणी पाहिलीच नाहीत, फक्त 'आपली' हा शब्द पाहिला. आपली आहेत म्हणून सुंदर म्हणणे आणि परकी आहेत म्हणून कुरूप म्हणणे, या दोहोंत दगडाचा काही संबंध येत नाही. १९८७ साली घारापुरी जागतिक वारशाच्या यादीत गेली. जगाने सौंदर्य मान्य केले. बेटावरच्या तीन वस्त्यांना, राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर यांना, कायमची वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राच्या तळातून केबल टाकल्यावर. तोवर संध्याकाळी काही तास जनित्रावर दिवे लागत. मूर्ती पाहायला येणाऱ्या लाखो डोळ्यांना समोर शहराचा झगमगाट आणि पायाशी अंधार, यात काही विसंगत वाटले नसेल काय?

कांट या प्रश्नावर मला दटावील हे मी जाणतो. १७९० सालच्या आपल्या ग्रंथात त्याने राजवाड्याचे उदाहरण घेतले आहे. कोणी म्हणेल, मला असल्या देखाव्याच्या वस्तू आवडत नाहीत. कोणी म्हणेल, पॅरिसमध्ये मला खानावळीच बऱ्या वाटल्या. कोणी म्हणेल, बड्या लोकांच्या डौलासाठी रयतेचा घाम असा वाया जातो. कांट म्हणतो, हे सर्व मान्य, पण प्रश्न तो नाही. नुसते पाहून वस्तू आवडते की नाही तेवढे बोला. मी हे पान शब्दकोश घेऊन वाचले आणि कित्येक दिवस अस्वस्थ होतो, कारण कांटचे म्हणणे एका अंगाने बरोबर आहे. भूक ही सौंदर्याची पंच होऊ शकत नाही. पण घाम कोणाचा असे विचारणारा मनुष्य वस्तूकडे पाठ फिरवूनच विचारतो, हे त्याला कोणी सांगितले? वस्तूकडे नीट पाहता पाहताच तो प्रश्न सुचत असला तर?

हे मला कळले ते आमच्या एका सभासदामुळे. गोदामात कंत्राटावर काम करणारा, साठीला टेकलेला मनुष्य. सर्व त्याला मामा म्हणतात. घरचा धंदा वडाराचा. लहानपणी तो बापाबरोबर जात्या-पाट्यांना टाकी लावत दारोदार फिरलेला. काही वर्षांपूर्वी एका रविवारी युनियनच्या तीसेक माणसांना घेऊन मी घारापुरीस गेलो. मंडळींनी फोटो काढले, माकडांना हुसकले, भाकरी सोडल्या. मामा दिसेना. शोधत गेलो तो तो पलीकडच्या अर्धवट सोडलेल्या लेण्यात, भिंतीवरून तळवा फिरवीत उभा. म्हणाला, "वरनं खाली आलेत, दादा. हे बघा, इथं टाकी थांबली. पुढचं राहिलं."

मग आम्ही मोठ्या लेण्यात आलो. त्रिमूर्तीपुढे मी त्याला पाठ केलेली माहिती सांगू लागलो. अघोर, तत्पुरुष, वामदेव वगैरे. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "नाक आधी ठरलंय."

मला समजले नाही. तेव्हा त्याने मला समजावून सांगितले, आणि ते सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, मूर्तीकडे पाहत होता. "सगळ्यांत पुढं जे येणार ते आधी ठरवायचं. त्याच्यापुरता दगड राखायचा आणि बाकीचं मागं मागं सारत न्यायचं. आधी गाल करतो, मग नाक करतो म्हणाल, तर नाकाला दगड कुठनं आणाल? इथं जोडायचं काही नाही. गेलं ते गेलं. तीन तोंडांची तीन नाकं त्यानं डोंगर कापायच्या आधीच बघून ठेवलीत."

श्रोतेहो, मी जी पुस्तके वाचली होती त्यांत वस्तू होती आणि पाहणारा होता, आणि दोघांत सौंदर्याची मालकी कोणाकडे यावर दावा चालला होता. आमच्या वाटाघाटींत तीन पक्ष बसल्याशिवाय करार होत नाही. इथे तिसरा पक्ष गैरहजर ठेवूनच निकाल लावला जात होता. ते मुख डोंगरात नव्हते. ते एकाच्या डोळ्यात होते, किंवा अनेकांच्या असेल, आणि मग वर्षानुवर्षे अनेक हातांनी ते दगडात आणले. म्हणजे ते आधी दृष्टीत आणि मग वस्तूत. पण ती दृष्टी तरी त्याला मिळाली कुठून? आधीच्या लेण्यांतून, आधीच्यांच्या हाताखाली टाकी मारून. म्हणजे पुन्हा वस्तूतूनच. हे चाक फिरते ते कामाने. काम काढून घेतले की एका बाजूला मुका दगड राहतो आणि दुसऱ्या बाजूला आपल्याच लहरींत रमलेला प्रेक्षक, आणि मग त्यांचे भांडण हजार वर्षे चालले तरी मिटत नाही. वडिलांना हत्तीचे पाय दिसले ते त्यांच्या अंगात नवे ज्ञान आले म्हणून नव्हे. पाळीच्या भोंग्याने त्यांच्याकडून घेतलेला वेळ पहिल्यांदाच त्यांच्या हाती होता, आणि कशासाठी होता हे आठवले की आजही मला बरे वाटत नाही.

कोणी प्राध्यापक म्हणतील की तुमच्या मामाला तंत्र दिसले, सौंदर्य नव्हे. बर्डवुडही हेच म्हणाला असता. म्हणून त्या दिवशीची शेवटची गोष्ट सांगतो. तंत्राचे सांगून झाल्यावर मामा बराच वेळ काही बोलला नाही. परतीच्या लाँचची वेळ झाली होती, बाकीची मंडळी खाली पायऱ्या उतरत होती, मी त्याला दोनदा हाक मारली. तो मधल्या मुखाकडे पाहत होता. निघताना म्हणाला, "ह्याला घाई नव्हती."

कोणाला, देवाला की घडवणाऱ्याला, असे मी त्याला विचारले. पण तो माझ्यापुढे निघून गेला होता, आणि खाली बंदरावर लाँचवाला आमच्या नावाने ओरडत होता.